मालवणी शब्दसंग्रह: रेगेक्सने केलेल्या साफसफाईच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

बाईंचा पेनड्राइव्ह काल कुरियरने आला. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या शाळेत बाईंनी मला चौथीपर्यंत शिकवलं. तेव्हापासून त्या मालवणी शब्द वहीत उतरवून घेतायत आणि निवृत्तीनंतर ते सगळं त्यांनी स्वतः टाइप केलं. दोन फायली आहेत. पहिली डीटीपीच्या जुन्या फाँटात, ६१२ नोंदींची. दुसरी युनिकोडमध्ये, अर्धी संगणकावर आणि अर्धी फोनवर टाइप केलेली, ३,२३४ नोंदींची. एकूण ३,८४६.

नोंदी साधारण अशा आहेत:

गजाल (स्त्री.) गोष्ट, गप्पा.
झील (पु.) मुलगा.
व्हाळ (पु.) ओढा.

प्रत्येक नोंद चार रकान्यांत पाडायची आहे: शब्द, जात (व्याकरणातली: लिंग, क्रियापद, विशेषण वगैरे), अर्थ, उदाहरण. मग एका साध्या वेबपानावर ती शोधता येईल. चवथ (गणेशचतुर्थी) २७ ऑगस्टला आहे. चाकरमानी गावी येतील तेव्हा पान त्यांच्या फोनवर उघडलं पाहिजे, एवढीच बाईंची अट.

स्क्रिप्ट लिहायची नाही असं ठरवलं. काम व्हीएस कोड या एडिटरमध्येच, शोधा-बदला आणि रेगेक्स (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायचा नमुना खास चिन्हांनी लिहायची पद्धत) वापरून. स्क्रिप्ट मजकुरावरून धावत जाते आणि मला फक्त निकाल दिसतो. एडिटरमध्ये नमुना लिहिताना जुळलेली प्रत्येक जागा डोळ्यांसमोर रंगते. हे बाईंचं तीस वर्षांचं काम आहे, ते न वाचता बदलणं मला पटत नाही.

गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) सुरू केलं. पहिला कमिट, म्हणजे इतिहासातली पहिली नोंद: दोन्ही फायली जशा आल्या तशा.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आज फक्त युनिकोड फाइल. ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोकळ्या जागा `^ +| +$` ने काढल्या (^ म्हणजे ओळीची सुरुवात, $ म्हणजे शेवट). मधल्या दुहेरी जागांची एकेरी जागा केली. पाच मिनिटांचं काम.

मग बाईंनी नोंदींना दिलेले अनुक्रमांक काढायला घेतले आणि अडले. कंट्रोल-एच दाबून, ऑल्ट-आरने रेगेक्स चालू करून, अंकासाठी नेहमीचं बॅकस्लॅश-डी लिहिलं. निकाल शून्य. फायलीत हजारो अंक असताना शून्य.

कारण असं की उघड्या फायलीतला शोध जावास्क्रिप्टच्या इंजिनावर चालतो आणि त्याच्या लेखी अंक म्हणजे फक्त इंग्रजीतली दहा चिन्हं. आपले ०१२३ त्यात बसत नाहीत. सगळ्या फोल्डरमध्ये शोधायची डावीकडची खिडकी मात्र रिपग्रेप या शोधसाधनावर चालते. ते रस्ट भाषेत लिहिलेलं आहे आणि युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक त्याला अंक वाटतो, म्हणून तिथे तोच नमुना लगेच सापडला. एकच एडिटर, दोन खिडक्या, एकाच चिन्हाचे दोन अर्थ. आजपासून माझा नियम: अंकासाठी `[०-९]` असंच लिहायचं. `^[०-९]+\. *` शोधलं, रिकामं ठेवून बदललं, अनुक्रमांक गेले.

शब्दासाठीचं बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि शब्दसीमेचं बॅकस्लॅश-बी यांचीही तीच गत. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी अक्षर ‘शब्दातलं अक्षर’ धरलंच जात नाही, त्यामुळे सीमा सापडत नाही. पायथन थोडं पुढे जातं, पण काना-मात्रा सोडून देतं: त्याच्या मूळ रेगेक्स लायब्ररीला ‘कि’मधला क अक्षर वाटतो आणि वेलांटी वाटत नाही, म्हणून शब्द मधूनच तुटतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या माणसाने हे सुरुवातीलाच माहीत करून घ्यावं. मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळलं. सुटा ‘न’ शोधायचा तर सीमा स्वतः आखावी लागते: `(?<![ऀ-ॿ])न(?![ऀ-ॿ])`. कंसातला पट्टा म्हणजे युनिकोडमधला देवनागरीचा सगळा विभाग, १२८ जागांचा. त्यात अंक आणि दंडही येतात, हे लक्षात ठेवायचं.

१२ जुलै, शनिवार

जुन्या फाँटाची फाइल. इथे अक्षरं म्हणजे खरं तर रोमन कळांवर बसवलेले आकार. कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता हाताने केला. दुपार त्यातच गेली, पण तक्ता लावल्यावर फायलीत पहिल्यांदा मराठी दिसली.

खरा प्रश्न त्यानंतरचा. जुने फाँट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने अक्षरं साठवत आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चारात ती नंतर येते. रफार दिसतो अक्षराच्या डोक्यावर, उच्चारात तो आधी. म्हणून तक्त्यात पहिल्या वेलांटीच्या जागी @ आणि रफाराच्या जागी # अशा खुणा ठेवल्या होत्या. मजकुरात ही चिन्हं नाहीत हे आधी शोधून पाहिलं होतं.

वेलांटी हलवायला आधी `@([क-ह])` लिहिलं आणि बदलाच्या रकान्यात डॉलर-एक आणि पुढे ि. (डॉलर-एक म्हणजे नमुन्यातल्या पहिल्या कंसात, म्हणजे गटात, सापडलेला मजकूर. इंग्रजी अंक टाळायला या नोंदींत गटांचे क्रमांक अक्षरांत लिहितेय.) ‘@पठ’चं ‘पिठ’ झालं, छान. पण ‘@स्थती’चं झालं ‘सि्थती’. ही मोडलेली ‘स्थिती’ कितीतरी जागी वाचली आहे. ती कुठून येते ते आज माझ्याच हातून कळलं: नमुन्याने एकच व्यंजन धरलं, जोडाक्षर नाही. वेलांटी अख्ख्या जोडाक्षराला ओलांडून गेली पाहिजे. कंट्रोल-झेड आणि नवा नमुना:

`@((?:[क-ह]्)*[क-ह])`

पाय मोडलेली व्यंजनं हवी तितकी, मग एक पूर्ण व्यंजन. आता ‘स्थिती’ नीट आली. क ते ह या पट्ट्यात ळ आणि ऱ आपोआप येतात, कारण युनिकोडमध्ये त्यांच्या जागा मधेच आहेत.

रफारासाठी उलटा प्रवास:

`((?:[क-ह]्)*[क-ह][ा-ौ]*)#`

बदल: र् आणि पुढे डॉलर-एक. ‘आ@थ#क’ आधी ‘आथि#क’ झालं, मग ‘आर्थिक’. हे पडद्यावर होताना पाहिलं तेव्हा फार बरं वाटलं. ६१२ नोंदी तक्ता धरून चार तासांत युनिकोडमध्ये आल्या. एकही @ किंवा # उरलं नाही. कमिट.

१३ जुलै, रविवार

दोन्ही फायली एकत्र केल्या. आज रकाने पाडायचे.

पहिला प्रयत्न `^(.*) \((.*)\) (.*)$`. बऱ्याच ओळी नीट जुळल्या, पण अर्थातही कंस असलेली नोंद आली की घोळ. `.*` हावरट असतं, जितकं पुढे जाता येईल तितकं जातं, त्यामुळे जातीच्या कंसाऐवजी ओळीतला शेवटचा कंस पकडला. `.*?` लिहून त्याला आळशी करता येतं. पण मला `[^(]+` जास्त आवडतं: ‘कंस सुरू होईपर्यंत काहीही’. मला काय म्हणायचंय ते नेमकं तेच म्हणतं.

जातींची यादीही स्पष्टच लिहिली:

`^([^(]+) \((पु\.|स्त्री\.|न\.|क्रि\.|वि\.|अ\.)\) (.+)$`

टिंबाआधीचा बॅकस्लॅश विसरायचा नाही. नुसतं `न.` म्हणजे ‘न आणि पुढे कोणतंही एक चिन्ह’, आणि रेगेक्सच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येकी एकेक चिन्हंच. म्हणजे ‘ना’, ‘नि’, ‘नं’ सगळं जुळतं. आपण ‘नि’ला एक अक्षर म्हणतो, इंजिन दोन मोजतं. देवनागरीवर रेगेक्स चालवताना माझ्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

३,४५७ ओळी जुळल्या. त्या लगेच बदलल्या नाहीत, कारण मला जास्त ओढ होती ती उरलेल्या ओळींची. त्या पाहायला नमुना उलटा केला:

`^(?![^(]+ \((पु\.|स्त्री\.|न\.|क्रि\.|वि\.|अ\.)\) ).+$`

‘ज्या ओळीची सुरुवात अशी नाही, ती दाखव.’ रेगेक्समधली एकच गोष्ट कुणाला शिकवायची झाली तर मी ही शिकवेन. नियमात बसणाऱ्या ओळी आपण मनात आधीच पाहिलेल्या असतात. न बसणाऱ्या ओळी मजकुराबद्दल खरी माहिती देतात.

काय निघालं: ‘स्त्री’ऐवजी ‘स्री’ ८८ ठिकाणी. कंसाआधी मोकळी जागा नाही, अशा १४० च्या आसपास. टिंब कंसाबाहेर गेलेलं, ‘(पु).’ अशा थाटाचं. मध्येच एंटर दाबल्याने दोन ओळींत तुटलेल्या नोंदी. दोन जाती असलेले शब्द, ‘(पु./स्त्री.)’ असे. हे शेवटचे चूक नाहीत, खरोखर दोन्ही चालतात, म्हणून यादीत `पु\./स्त्री\.` ही जोडी वाढवली. प्रत्येक प्रकाराला एक छोटा नमुना आणि प्रत्येक बदलाला वेगळा कमिट.

रात्री साडेअकराला १७ ओळी उरल्या. त्यांत जातच नव्हती. बाईंना फोन केला, एवढ्या रात्री त्या जाग्या असतात हे माहीत होतं. म्हणाल्या, “गो, माका खात्री नाय म्हणान लिवलंय नाय.” तिथे `(?)` घातलं आणि तसंच ठेवलं.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, मला ती सुंदर वाटते. रेग्युलर एक्स्प्रेशनचं गणित स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये मांडलं, तेही मज्जापेशींच्या जाळ्यांचा विचार करताना. केन थॉम्पसन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते क्यूईडी या एडिटरमध्ये शोधासाठी बसवलं. पुढे त्यांच्याच ईडी एडिटरमधल्या ‘सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप’ या आज्ञेच्या आद्याक्षरांतून ग्रेप हे नाव आलं. म्हणजे प्रोग्रॅमर मंडळींकडे हे साधन एडिटरच्या दारातूनच आलं, आणि आज मी ते त्याच कामाला वापरतेय.

१९ जुलै, शनिवार

आज चूक झाली आणि ती माझी आहे.

बऱ्याच जणांसारखं बाईही विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात: ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:श्वास’. दिसायला सारखं, पण वेबपानावर ‘दुःख’ शोधलं तर सापडणार नाही. दोन अक्षरांमध्ये आलेलं : चिन्ह विसर्गच असणार, असं धरून लिहिलं:

`(?<=[क-हा-ौ]):(?=[क-ह])`

आधी आणि नंतर काय असावं ते तपासायचं, पण बदलायचं फक्त मधलं चिन्ह. अंक या पट्ट्यांत नाहीत, त्यामुळे ‘१०:३०’ सुरक्षित. १७३ जागा. पहिल्या वीस पाहिल्या, सगळे विसर्ग. ‘सगळे बदला’ दाबलं.

तासाभराने वेगळंच काही शोधताना ‘म्हणः’ दिसलं. बाई म्हणी देताना ‘म्हण:’ लिहितात आणि काही ठिकाणी पुढे मोकळी जागा सोडलेली नाही. माझ्या नमुन्याला ते एकाच शब्दाच्या मधलं चिन्ह वाटलं. ‘म्हण’ सहा जागी आणि ‘अर्थ’ तीन जागी बिघडलं होतं. त्या नोंदी फायलीच्या शेवटाकडे होत्या, माझी पहिली वीस उदाहरणं सुरुवातीची.

कमिट मागे घेतला. पुन्हा:

`(?<=[क-हा-ौ])(?<!म्हण|अर्थ|उदा):(?=[क-ह])`

आता १६४. पण या वेळी न पाहता बदलायचं नव्हतं आणि १६४ जागांवरून एकेक उडी मारत गेलं की डोळे दहाव्या उडीला थकतात. म्हणून असं केलं: `[^ ]*:[^ ]*` शोधून अपूर्णविराम असलेला पूर्ण शब्द पकडला, ऑल्ट-एंटरने सगळ्या जागा एकदम निवडल्या, कॉपी करून नव्या फायलीत चिकटवल्या. कमांड पॅलेटमधून ओळी क्रमाने लावल्या, मग दुहेरी ओळी काढल्या. शेकडो जागांचे उरले ८१ वेगवेगळे शब्द. ते दोन मिनिटांत वाचून झाले आणि नऊच्या नऊ अपवाद एकाखाली एक उभे होते. मोठा बदल करण्याआधी आता हेच करणार.

शब्दाच्या शेवटी आलेलं : चिन्ह नमुन्याने ठरत नाही. ‘स्वत:’मध्ये तो विसर्ग, ‘अर्थ:’मध्ये तो अपूर्णविराम, आणि दोन्हींचा आकार एकच. तिथे शब्दांची यादीच हवी: `(स्वत|विशेषत|मुख्यत|साधारणत|पुन|बहुश):` आणि बदलात डॉलर-एक आणि विसर्ग. ‘म्हण:’नंतर जिथे जागा सुटली नव्हती तिथे ती घातली.

२६ जुलै, शनिवार

‘तऱ्हा’ शोधलं, चार जागी सापडलं. फाइल डोळ्यांनी चाळताना पाचवा ‘तऱ्हा’ दिसला, तो शोधात नव्हता.

हा ऱ तीन तऱ्हांनी टाइप झालाय. एक, युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि पाय मोडलेला. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. युनिकोडच्या नियमाने हा पहिल्याशी समतुल्यच, पण एडिटर चिन्हं मोजतो, समतुल्यता पाहत नाही. तीन, र, मग हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्याला दिसतच नाही. दोनची ३१ उदाहरणं, तीनची ४७. तिन्हींचं ऱ् केलं. तिसऱ्यासाठी नमुन्यात पुढे `(?=[यह])` ठेवलं, कारण बाईंनी काही ठिकाणी अर्धं अक्षर सुटं दाखवायला मुद्दाम जोडक वापरलाय आणि तो राहायला हवा.

ॲचंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देत किंवा हिंदी पद्धतीचा ऍ घेत. ‘ॲल्युमिनियमचं भांडं’ तिन्ही रूपांत सापडलं. आता एकाच रूपात आहे.

क्ष आणि ज्ञ ने सुरू होणारे शब्द हवे होते, म्हणून घाईत `^[क्षज्ञ]` लिहिलं आणि क, ज चे सगळे शब्द आले. चौकोनी कंसात एकेक चिन्ह मोजलं जातं, जोडाक्षर तिथे फुटतं. `^(क्ष|ज्ञ)` बरोबर.

३ ऑगस्ट, रविवार

आज काहीतरी मोठं बिघडवण्याच्या अगदी जवळ गेले होते.

नपुंसकलिंगी शब्दांत मेळ दिसत नव्हता. कुठे ‘केळां (न.)’, कुठे ‘केळा (न.)’. कुठे ‘खळां’, कुठे ‘खळा’. अनुस्वाराची रूपं ६१, बिनअनुस्वाराची १४३. जास्त संख्या बिनअनुस्वाराची, म्हणून अनुस्वार ही टायपिंगची चूक असं धरलं आणि `ां(?= \(न\.\))` हा नमुना लिहूनही झाला होता. ‘ां’च्या जागी ‘ा’. एक कळ दाबायची बाकी.

गावी असताना आम्ही ‘माझां’ म्हणतो, ‘तां’ म्हणतो, नाकातून म्हणतो. पुण्यात अकरा वर्षं राहून माझ्या कानातून ते निसटलं होतं. तरी काहीतरी टोचलं आणि फोन केला.

बाई म्हणाल्या, “केळां एकच, गो. दोन झाली काय केळी. तां टिंब माज्या फोनान खाल्ल्यान.”

फोनवर टाइप करताना सुचवलेला शब्द घेतला की अनुस्वार गळत होता. तो अनुस्वार मालवणीतल्या नपुंसकलिंगाची खूण आहे. म्हणजे चूक ६१ जागी नव्हतीच, १४३ जागी होती. मी बहुमत पाहून बोलीचा आवाजच पुसला असता, तोही अगदी नियमात बसवून.

नमुना उलटा केला: `ा(?= \(न\.\))`, बदल `ां`. पण ‘सगळे बदला’ नाही. एंटर, वाच, बदल, असं १४३ वेळा. मी शब्द मोठ्याने म्हणत गेले, बाई पलीकडून ‘होय’ म्हणत गेल्या. सव्वा तास लागला. तीन शब्द असे निघाले की ते मुळात पुल्लिंगी होते आणि जातच चुकून ‘न.’ पडली होती. १४० बदलले, तिघांची जात दुरुस्त केली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

रकाने पाडले. १३ जुलैला लिहून ठेवलेला जातींच्या यादीचा नमुना आज खऱ्या अर्थाने चालवला. त्यात आता दोन जातींची जोडी आणि `\?` वाढलंय. बदलात डॉलर-एक, टॅब, डॉलर-दोन, टॅब, डॉलर-तीन. मग अर्थातून उदाहरण वेगळं करायला ` उदा\. ` च्या जागी टॅब. न जुळणाऱ्या ओळींचा उलटा शोध: शून्य. एकूण नोंदी मोजल्या, ३,८४६ असायला हव्यात, आणि तुटलेल्या ओळी जोडूनही तेवढ्याच भरल्या, कारण बाईंचे आकडे त्यांच्या अनुक्रमांकांवरून होते.

शोधाचं पान संध्याकाळपर्यंत उभं राहिलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

कालच्या एसटीने कुडाळला आले. बाईंच्या खळ्यात बसलोय, पाऊस थांबलाय, माटवीचं (गणपतीवर टांगायच्या सजावटीचं) सामान एका कोपऱ्यात रचून ठेवलंय. छापलेल्या नोंदींवर त्या लाल पेनाने खुणा करतायत, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन त्याच ओळी दुरुस्त करतेय. फोनवर ‘दुःख’ शोधून पाहिलं, सापडलं. ‘तऱ्हा’ही सापडलं, पाचही.

जात न लिहिलेल्या १७ शब्दांपैकी चार आज ठरले. शेजारच्या वाडीतल्या आजी भाजी घेऊन आल्या होत्या. बाईंनी त्यांना तो शब्द वापरून एक वाक्य बोलायला लावलं आणि क्रियापद काय येतं ते ऐकलं. जात थेट विचारली नाही. बाकीच्यांसाठी उद्या वरच्या वाडीत जायचंय.

`\(\?\)` शोधलं. १३.